मुंबईची खंडी आणि ३८४ ग्रॅम
विदर्भातील शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. त्यातून निघालेल्या रुईचा भाव मात्र बाजारात आजही खंडीवर बोलला जातो. भाव ताडायचा, तर त्याला हे जुने माप उलगडावेच लागते.

ही खंडी ब्रिटिशकालीन मुंबईची. २८ पौंडांचा एक मण, असे २८ मण, म्हणजे ७८४ पौंड. (इतर मालाची खंडी वीसच मणांची, कापसाचा थाट निराळा!) १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. पौंड गेला, खंडी राहिली.

१९५९ साली सहा देशांनी पौंड ४५३.५९२३७ ग्रॅमचा ठरवला. त्या हिशेबाने खंडी भरते ३,५५,६१६ ग्रॅम. व्यवहारात धरतात ३५६ किलो. फरक ३८४ ग्रॅमचा, पण हजार खंडींच्या सौद्यात तो एका अख्ख्या खंडीहून अधिक होतो.