अंगावरून पांढरं जाणं : लाज बाजूला ठेवून समजून घ्यायची माहिती

सिल्वासा : आमली, मसाट, समरवरणी, राखोली, नरोली. कुठल्याही बाजूला गेलात तरी कारखान्यांच्या मागे भाड्याच्या चाळींच्या रांगा दिसतात. एका खोलीत चार-पाच माणसं, संडास सामायिक, पाणी ठरलेल्या वेळेला. कुणी तलासरी-जव्हारकडून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत १००० पुरुषांमागे फक्त ७७४ स्त्रिया होत्या. कामासाठी एकटे येणारे पुरुष जास्त, हे त्याचं मुख्य कारण. पण कुटुंबासोबत आलेल्या आणि स्वतः कामाला जाणाऱ्या बायकाही इथे हजारोंनी आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी एक दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत. फार झालं तर शेजारणीला म्हणतात, "अंगावरून जातंय गं."

वैद्यकीय भाषेत या दुखण्याला प्रजनन मार्गाचा संसर्ग म्हणतात. दवाखान्यातल्या कागदावर ‘आरटीआय’ असं लिहिलेलं असतं. माहिती अधिकाराचा आरटीआय वेगळा, हा वेगळा.

नेमकं काय होतं?

योनीमार्ग, गर्भाशयाचं तोंड, गर्भाशय किंवा गर्भनलिका यांना जंतूंची लागण झाली की तो प्रजनन मार्गाचा संसर्ग. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, शरीरातच असलेल्या जंतूंचा तोल बिघडून होणारा. योनीत काही जंतू नेहमीच असतात आणि त्यातले चांगले जंतू बाकीच्यांना आवरून धरतात. ते कमी झाले की बुरशी किंवा इतर जंतू वाढतात. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि त्याचा कुणाच्या चारित्र्याशी काडीचा संबंध नाही. मधुमेह, गरोदरपण, अँटिबायोटिक गोळ्यांचा मारा ही बुरशी वाढायची नेहमीची कारणं.

दुसरा, लैंगिक संबंधातून येणारा. गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, सिफिलिस हे त्यातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात या चार बऱ्या होणाऱ्या आजारांच्या जगभरात ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या.

तिसरा, अस्वच्छ हातांनी किंवा अवजारांनी झालेलं बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवणं यातून होणारा.

साधं पाणी कोणतं, आजाराचं कोणतं?

थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं हे प्रत्येक बाईला असतं. दोन पाळ्यांच्या मध्यावर आणि गरोदरपणात ते वाढतं. वास नाही, खाज नाही, तर घाबरायचं कारण नाही. हाडं झिजून ती अंगावरून जातात असा समज आपल्याकडे खोल रुजलाय. तसं काही होत नाही.

दवाखाना गाठायचा तो पुढच्या खुणा दिसल्या तर :

- दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं आणि खूप खाज (बहुधा बुरशी)
- पातळ, राखाडी, माशासारख्या वासाचं पाणी (जंतूंचा तोल बिघडलेला)
- पिवळट-हिरवं, फेसाळ पाणी आणि आग (ट्रायकोमोनास असू शकतो)
- ओटीपोटात दुखणं, सोबत ताप
- संबंधाच्या वेळी दुखणं किंवा नंतर रक्त जाणं
- जांघेत गाठ, जागेवर फोड किंवा जखम

नुसत्या रंगावरून पक्कं निदान होत नाही, तपासणी लागतेच. आणि क्लॅमिडिया, गनोरिया बाईच्या शरीरात काहीच खूण न दाखवताही राहू शकतात.

गडचिरोली आणि गोवा

या विषयाकडे जगाचं लक्ष वळवलं ते महाराष्ट्रातल्या एका अभ्यासाने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्यसेवेत बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच हिशेब होता. पुढे १९९७ मध्ये केंद्राचा प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात या संसर्गांवरच्या उपचारांचा समावेश झाला.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रयोगशाळेत सिद्ध झालेला संसर्ग २८ टक्क्यांच्या आसपास निघाला. लैंगिक संबंधातून येणारा फक्त ४ टक्क्यांच्या घरात, बाकी बहुतेक पहिल्या प्रकारचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण गडचिरोलीत पाळीच्या तक्रारींसकट सगळे स्त्रीरोग मोजले होते. गोव्यातून आणखी एक गोष्ट कळली. अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणींना संसर्ग नव्हताच. त्या तक्रारीचा संबंध थकवा आणि मनावरच्या ताणाशी जास्त होता. म्हणून प्रत्येक तक्रारीला अँटिबायोटिक हे उत्तर नाही, पण प्रत्येक तक्रार ऐकून मात्र घ्यायलाच हवी.

चाळीत त्रास का वाढतो?

अभ्यास गावातला असो की शहरातला, कारणं आपल्या ओळखीची आहेत. पाळीचं कापड वापरायचं तर धुवायला आडोसा नाही, वाळवायला ऊन नाही. आपल्याकडचा पाऊस चार महिने. मग कापड खाटेखाली, कपड्यांच्या खाली दमट राहतं. पॅड वापरणारीला बारा तासांच्या ड्युटीत ते बदलायला वेळ मिळत नाही. कारखान्यात बायकांसाठी वेगळं, बंदिस्त शौचालय हवं हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनचं आहे, पण तिथे पाणी, कडी आणि कचऱ्याचा डबा असेल तरच त्याचा उपयोग.

मग पैशाचा हिशेब. कॉमर्सवाल्याला तो लगेच दिसतो. सरकारी ओपीडी सकाळी, म्हणजे एक खाडा. रोजंदारी गेली, रिक्षाचं भाडं गेलं. त्यापेक्षा मेडिकलमधून दोन गोळ्या आणणं स्वस्त वाटतं. काही जणी डॉक्टरपर्यंत पोचतात, पण लाजेपोटी ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगतात आणि ताकदीची बाटली घेऊन परततात. वरवर स्वस्त वाटणारा हा मार्गच शेवटी महागात पडतो, कारण अर्धवट औषधाने आजार दबतो, जात नाही.

अंगावर काढलं तर

संसर्ग वर सरकला की ओटीपोटात सूज येते, गर्भनलिका बंद होऊ शकते. मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच राहतो आणि जीव धोक्यात येतो. गरोदरपणात वेळेआधी बाळंतपण, सिफिलिस असेल तर पोटातच बाळ दगावणं, गनोरिया असेल तर बाळाच्या डोळ्यांना लागण. एचआयव्हीचा धोकाही वाढतो.

दुसरं टोक म्हणजे पिशवी काढून टाकणं. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जाण्यावर गर्भाशय काढणं हा इलाज नाही. कुणी ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

उपचार कुठे?

सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आणि खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. महाराष्ट्र आणि गुजरातमध्येही जिल्हा रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तपासणी आणि औषध मोफत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने औषधांची रंगीत पाकिटं ठरवून दिली आहेत : योनीतून पाणी जात असेल तर हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाचा संसर्ग असेल तर करडं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. पाकीट डॉक्टरच ठरवतात. शेजारणीला हिरवं दिलं म्हणून आपणही तेच मागू नये.

डॉक्टर गुजराती-हिंदी बोलणारे असले तर अडू नका. ‘सफेद पाणी’, ‘सफेद पानी’ एवढं म्हटलं तरी कळतं. बाई डॉक्टर हवी असं सांगायचा संकोच नको. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा, कारण यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. गोळ्या चालू असताना दारू-ताडी बंद. बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा. गावी जायचं असेल तर केसपेपर सोबत न्या.

नवऱ्याचं काय?

लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. तोवर संबंध टाळायचा, नाहीतर निरोध. एकट्या बाईने घेतलं तर आजार फिरून येतो. पण तोल बिघडून झालेल्या संसर्गात नवऱ्याला औषध बहुधा लागत नाही. हा फरक डॉक्टरांकडून विचारून घ्या. नुसत्या पांढऱ्या पाण्यावरून घरात संशय आणि मारहाण होऊ नये, यासाठी ही माहिती पुरुषांनीही वाचायला हवी.

रोजची काळजी

- बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आतून साबण, डेटॉल घालून धुतल्याने चांगले जंतू मरतात.
- संडासनंतर पुढून मागे धुवा.
- पाळीत पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदला. कापड उन्हात वाळवा. पावसात निदान वाऱ्यावर, पंख्याखाली पूर्ण कोरडं करा.
- जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला मिळतं.
- तिशी ओलांडली की गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, त्रास नसला तरी.

विचारायलाच लाज वाटत असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. आशाताई वस्तीत आल्या की त्यांना बाजूला घेऊन विचारा. आणि चाळीतल्या भावांनो, घरातली बाई ‘आज दवाखान्यात जायचंय’ म्हणाली तर कशाला म्हणून खोदून विचारू नका. मुलं सांभाळा, तिला जाऊ द्या.