अर्जातल्या रकान्यांचा इतिहास

गेल्या जूनमध्ये भामरागड तालुक्यातली एक मुलगी नर्सिंगचा अर्ज भरायला माझ्याकडे आली. बारावी कला शाखा, घरची भाषा माडिया. तिला एएनएम व्हायचे होते. पिशवीत गुणपत्रिका होती, अधिवास होता, जातीचा दाखला होता; जात वैधता प्रमाणपत्र तेवढे नव्हते. “सर, आज्याचा जुना कागद मागतात. आजा तर शाळेतच गेला नाही,” ती म्हणाली. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पण या अर्जातल्या रकान्यांनाही इतिहास असतो, हे त्या दिवशी जाणवले.

पहिला रकाना शिक्षणाचा. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे सात हजार. ही उणीव लवकर भरून काढण्यासाठी पन्नाशीच्या दशकात सहायक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. सातवी-आठवी शिकलेल्या मुलीला तो खुला होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने हिलाच गावपातळीवरची बहुउद्देशीय आरोग्यसेविका केले. १९७७ मध्ये अट दहावीवर गेली, अलीकडे बारावीवर. व्यवसायाची प्रतिष्ठा आणि रुग्णाची सुरक्षितता पाहता यात गैर काही नाही. पण हेमलकशाची आश्रमशाळा सुरू झाली तीच १९७६ साली. म्हणजे तिथली पहिली मुले अक्षरे गिरवू लागली आणि वर्षभरातच सातवीचे दार दहावीपर्यंत सरकले.

दुसरा रकाना जमातीचा. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी जुन्या चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा तालुक्यांतला गोंड अनुसूचित जमातीत मोडे. शेजारच्या ब्रह्मपुरीतला गोंड मोडत नसे. ही क्षेत्रमर्यादा उठली आणि अनेकांना न्याय मिळाला. त्याबरोबर खोट्या दाव्यांची तक्रारही वाढली. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या नेमण्याचे निर्देश दिले. तो वादही महाराष्ट्रातल्या वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशावरूनच उभा राहिला होता. पुढे राज्याने कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा म्हणूनच मोलाचा. खऱ्या आदिवासीची जागा राखण्यासाठी केलेली ही व्यवस्था. पण कागदच नसलेल्या घराला ती सर्वांत जड जाते.

याच जिल्ह्यातला तिसरा दाखला वेगळा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे सारे त्या करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. याचा अर्थ पदविका नको असा मी काढत नाही. मात्र त्या बायका त्याच गावच्या होत्या, बाळंतिणीशी तिच्या बोलीत बोलत होत्या, रात्री-अपरात्री दारात पोहोचत होत्या. या पात्रतेला कुठल्याही गुणवत्ता यादीत गुण नाहीत. माडिया बोलता येते म्हणून अर्धा गुणही वाढत नाही.

त्या दिवशी आम्ही तिचा वंशवेल कागदावर मांडला. वडिलांच्या सख्ख्या भावाला नोकरीच्या वेळी वैधता मिळाली होती, हे तिला माहीतच नव्हते. वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता हा मोठा पुरावा. काकांनी दोन दिवसांत प्रत पाठवली. पडताळणीचा अर्ज गेला, त्याची पावती घेऊन प्रवेशाचाही.

जाताना मी विचारले, “शिकून कुठे जाशील?”

“आमच्याच उपकेंद्रात. तिथल्या सिस्टरला आमची भाषा येत नाही. आई तिला काय दुखते ते बोट लावून दाखवते.”

तो रकाना अर्जात नव्हता.