तोंडवळा कुणाचा?

बारशाला गेलं की आपण बायका पाळण्यात वाकून पहिलं काय बघतो? नाक कुणाचं, डोळे कुणाचे. "अगदी आजीवर गेलीय गं" म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण एखादं लेकरू घरात कुणासारखंच दिसलं नाही, तर त्याच्या आईला काय काय ऐकावं लागतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. आमच्या गटातल्या एका ताईंनी ते तीन वर्षं ऐकलं. म्हणून आज तोंडवळ्याची गोष्ट सांगतो. ती सुरू होते इंग्लंडात.

फ्रान्सिस गाल्टन हे डार्विनचे नात्यातले भाऊ. १८७८ च्या सुमारास त्यांनी एक खटाटोप केला. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा आणि त्याला वेळ लागायचा. समजा एका फोटोला ऐंशी सेकंद लागतात आणि आपल्याकडे आठ माणसांचे फोटो आहेत. मग प्रत्येक फोटो फक्त दहा सेकंद दाखवायचा, आठही एकाच काचेवर, डोळ्यांवर डोळे नीट बसवून. सगळ्यांत जे सारखं ते ठळक उमटतं. ज्याचं त्याचं वेगळं ते पुसट होतं.

गाल्टनना गुन्हेगाराचा चेहरा हवा होता. तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो त्यांनी असे एकावर एक घेतले. निघालं काय? साधा, बरा दिसणारा माणूस! पुढे लंडनच्या इस्पितळांतल्या ४४२ क्षयरोग्यांचे फोटो तपासले. तिथंही क्षयाचा असा खास चेहरा सापडला नाही. चेहऱ्यावरून माणूस ठरत नाही हे त्यांच्याच काचेनं सांगितलं, पण त्यांच्या मनाला ते पटलं नाही. 'चांगल्या वाणाच्या' माणसांचीच संख्या वाढावी, या विचाराला त्यांनी १८८३ साली नाव दिलं. त्याच विचारातून पुढे जर्मनीत १९३३ च्या कायद्यानं लाखो माणसांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. बियाणं निवडावं तशी माणसं निवडायला निघाले होते.

गाल्टननी कुटुंबांचेही असे फोटो केले, बहिणी-बहिणींचे, एकाच घरातल्या सहा जणांचे. पण त्या घरच्यांना ते फारसे आवडायचे नाहीत. जो तो आपलं वेगळेपण धरून बसतो, दुसऱ्यात मिसळून जायला तयार नसतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आम्हाला हे वाचून हसू आलं. सगळी हयात अमक्याची सून म्हणून काढलेल्या बाईला विचारा!

विट्गेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञानं आपला आणि आपल्या तीन बहिणींचा असाच एक फोटो करून घेतला होता. घराण्याच्या सारखेपणाबद्दल त्यानं पुढे लिहिलं ते आपल्या चुलीपाशीही पटेल. सगळ्यांत मिळून एकच खूण नसते. थोरलीचं नाक धाकटीकडे, धाकटीची चाल भावाकडे, अशी गुंफण असते. मुलाला आई-बापाकडून निम्मं निम्मं मिळतं खरं, पण त्यातलं काय दिसेल आणि काय झाकून राहील याचा नेम नाही.

अलीकडे कॅनडातल्या क्वेबेकचे उल्रिक कोलेट हे फोटोग्राफर वेगळंच करतात. अर्धा चेहरा आईचा, अर्धा लेकीचा, मधोमध जोडलेला. यात पुसट कुणीच होत नाही.

आम्ही हे गटाच्या बैठकीत करून पाहिलं. भिंतीपाशी सारख्या अंतरावर बसवून मोबाईलवर फोटो काढले, स्टुडिओतून एका मापाचे छापून आणले आणि नाकाच्या रेषेवर कात्रीनं कापून चिकटवले. सुरुवातीला सांगितलेल्या ताई आपल्या लेकीला घेऊन आल्या होत्या. दोघींचे डोळे जुळले, हनुवटी मात्र कुठल्या कुठं गेली. सासूबाई चष्मा पुसून बराच वेळ बघत होत्या. "ही हनुवटी माझ्या आईची," एवढंच त्या म्हणाल्या.

लेकीनं तो फोटो घेतला नाही. तिला तिचा एकटीचा, न कापलेला हवा होता. तोही छापून आणला.