कागद आहे, पण कोणत्या नांवाखालीं?

शिक्षणशास्त्रावर जगांत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, लिहिणाऱ्यांपेक्षां तें शोधून देणाऱ्यांचे उपकार अधिक मानावेसे वाटतात. भंडारा जिल्ह्यांतील करडीसारख्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या निवृत्त शिक्षकालाही आज मोबाइलवर अमेरिकेंतील शिक्षणविषयक लेख व अहवाल विनामूल्य चाळतां येतात. ही सोय कशी झाली आणि तिच्यांत आपला प्रांत कोठें सांपडतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

अमेरिकन सरकारनें १९६४ सालीं ‘एरिक’ नांवाची योजना सुरू केली. मासिकांतील लेख ग्रंथालयांत टिकत. परंतु अहवाल, परिषदांतील निबंध, शाळांतील प्रयोगांचीं टिपणें थोड्या प्रती निघून कपाटांत नाहींशीं होत. एरिकनें तीं गोळा करून मायक्रोफिश नांवाच्या लहानशा फिल्मांवर उतरविलीं. प्रत्येक कागदास ‘ईडी’ अक्षरांचा क्रमांक मिळाला. १९६९ पासून मासिकांतील लेखांस ‘ईजे’ क्रमांक मिळूं लागले. विषयवार नेमलेलीं केंद्रें हें काम वांटून घेत. त्यांत खेड्यांतील व लहान शाळांसाठीं एक निराळें केंद्र होतें, याचें मला मोठें कौतुक वाटतें. हीं केंद्रें २००३ अखेर बंद झालीं. नोंदी मात्र वाढतच गेल्या, आणि आज त्या १५ लाखांहून अधिक आहेत.

इतक्या ढिगांतून हवा तो कागद काढावयाचा, तर मर्म शब्दांत आहे. एरिकचा स्वतःचा एक शब्दसंग्रह आहे व नोंद करणारा विषयदर्शक शब्द त्यांतूनच निवडतो. आपल्या एकशिक्षकी शाळेस तेथें ‘वन टीचर स्कूल्स’ म्हणतात. अनेक इयत्ता एकत्र बसत असतील तर ‘मल्टिग्रेडेड क्लासेस’. चौथीचें गणित चालू असतां पहिलीच्या पोरांना पाटीवर गुंतवून ठेवणाऱ्या मास्तराला वाटतें, हा भोग आपल्याच वाट्याला आला. नोंदी उघडल्यावर दिसतें कीं, अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतही मास्तरांनीं तेंच केलें आहे, आणि कांहींनीं त्यावर चांगले उपायही लिहून ठेवले आहेत.

आतां ‘बेसिक एज्युकेशन’ हे शब्द घालून पाहा. आपल्या मनांत असते ती गांधीजींची बुनियादी तालीम. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास परिषद भरली, झाकीर हुसेन समितीनें अभ्यासक्रम आंखला, आणि सूत व टकळी यांच्या द्वारें शिक्षण देण्याचा विचार देशभर गेला. अमेरिकेंत मात्र त्या शब्दांनीं प्रौढांचें अक्षरशिक्षण किंवा वाचन-लेखन-गणित एवढेंच बहुधा समजलें जातें. म्हणून समोर येतात ते बहुतांशीं परकेच कागद. ‘गांधी’ किंवा ‘वर्धा’ हा शब्द जोडावा, तेव्हां कोठें वाट सुधरते. शिवाय एरिकचा संग्रह मुख्यतः १९६६ नंतरचा. परिषदेचे मूळ कागद तेथें धुंडाळणें व्यर्थ होय.

मग आपले कागद आपणच शोधले पाहिजेत. तसा शोध झालाही आहे. १८२४ सालीं एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां मुंबई सरकारनें देशी शाळांची माहिती मागविली. तीं उत्तरें दप्तरांत शतकाहून अधिक काळ पडून होतीं, रा. वि. परुळेकर यांनीं तीं १९५१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यामुळें पंतोजींच्या शाळांविषयीं तर्काऐवजीं पुराव्यानें बोलतां येऊं लागलें. मात्र त्यांत भंडारा नाहीं. तेव्हां हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. पुढें १९७४ सालीं बडोद्याहून एम. बी. बुच यांनीं भारतांतील शिक्षण-संशोधनाचें सर्वेक्षण काढलें, आणि आतां विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर पाहतां येतात. हीं साधनें चांगलीं आहेत. परंतु ‘महाराष्ट्र’ असा एकच शब्द घालून बसणाऱ्यास भंडाऱ्याची जुनी शाळा क्वचितच भेटेल.

कारण भंडाऱ्याचीं सरकारी नांवेंच बदलत आलीं. १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ पासून मध्यप्रांत, १९०३ पासून मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, आणि १९६० पासून महाराष्ट्र. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेचे कागद पाहावयाचे तर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेंच शोधावें लागतें. गोंदियाकडील शाळांचे १९९९ पूर्वीचे कागद तर ‘भंडारा’ या नांवाखालींच पाहावेत. तोंवर तो जिल्हा निराळा नव्हता.