कुडलच्या तुळईवरची ओळ

दसरा उरकला की मंद्रूपची काळी रानं पाहण्यासारखी होतात. ज्वारी वीत-दोन वीत वर आलेली असते, तुरीला पिवळा फुलोरा धरू लागतो आणि पावसाळ्यात चिखलात पाय रुतवणारी पाणंद आता चालण्याजोगी वाळलेली असते. या भागातली जुनी देवळं पाहायला निघावं ते आश्विन-कार्तिकात. चैत्र-वैशाखात इथला दगड हातही लावू देत नाही.

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की वडकबाळला सीना ओलांडावी लागते. मग मंद्रूप येतं आणि त्यापुढे टाकळीला भीमा. पुलापलीकडे कर्नाटक. म्हणजे मंद्रूप वसलंय ते दोन नद्यांच्या बेचक्यात. ही बेचकी पुढे जिथे मिटते, तिथे हत्तरसंग कुडल आहे.

नावापासूनच वाटाड्याला बोलायला सुरुवात करता येते. ‘कूडल’ या कन्नड शब्दाचा अर्थच नद्यांचं मिळणं. ‘कुडल संगम’ म्हणणारा माणूस एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा सांगत असतो, आणि इथल्या घरांमधून, बाजारांतून आजही तसंच चालतं. वाक्य मराठीत सुरू होतं, कन्नडमध्ये संपतं. महात्मा बसवेश्वरांशी जोडलेला कूडलसंगम मात्र वेगळा. तो कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, बागलकोट जिल्ह्यात आहे. नवखे लोक या दोहोंत हमखास गल्लत करतात.

हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिराच्या मंडपात शिरल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. मग खांब उमटतात, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, घडीव आणि जड. त्यांच्या वर तुळई. तुळईवर विजेरी समोरून मारली तर दगड नुसता सपाट दिसतो. तीच बाजूला धरून उजेड तिरपा टाकला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी जाग्या होतात. जेमतेम अडीच ओळी. त्यांत शके ९४० आणि कालयुक्त संवत्सर असा काळ दिलेला आहे, म्हणजे इसवी सन १०१८-१९. लेखाचा बराच भाग संस्कृत वळणाचा, पण शेवट असा: ‘वाछि तो विजेया होऐवा’. जो वाचील तो विजयी होईल.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० मध्ये. तिच्या पावणेतीनशे वर्षं आधी भीमेच्या काठी कुणीतरी हे मराठी वाक्य दगडावर खोदवून घेतलं. जुन्या लेखांत अखेरीला बहुधा शाप असतो. दान मोडणाऱ्याला, लेख पुसणाऱ्याला जबर दम दिलेला असतो. इथे आशीर्वाद आहे, आणि तो वाचणाऱ्याला आहे.

पहिला मराठी शिलालेख कोणता, हा वाद जुना आहे. श्रवणबेळगोळच्या ओळी वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत पहिल्या म्हणून शिकवल्या गेल्या. रायगड जिल्ह्यातल्या आक्षीच्या लेखाचं वाचन शके ९३४ असं झालं. कुडलचा लेख त्याच पंक्तीत बसतो. यांतल्या कुणाचा काळ किती मागे-पुढे, हे अभ्यासक ठरवतील. पण काळाचा आकडा लेखातच सांगणारी ही तुळई अजून आपल्या जागी उभी आहे आणि कुणालाही जाऊन पाहता येते, याचं मोल फार मोठं आहे.

हा ठेवा लोकांपुढे आला तो सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या पायपिटीमुळे. गावोगाव हिंडून त्यांनी शिलालेख धुंडाळले, त्यांचे ठसे घेतले. ठसा घेणं हे सोसाचं काम. दगड घासून धुवायचा, भिजवलेला कागद त्यावर बसवायचा, कुंचल्याने ठोकत ठोकत तो प्रत्येक खाचेत उतरवायचा आणि मग शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उठतात. श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांनी सोलापूर जिल्ह्यातले लेख १९८८ मध्ये ग्रंथरूपाने आणले.

शेजारचं हरिहरेश्वर मंदिर कितीतरी काळ मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं. १९९९ मध्ये ते उकरून काढलं गेलं. त्याच्या मंडपाचं छत मधोमध गोल मोकळं आहे. खिद्रापूरचा स्वर्गमंडप पाहिलेल्याला त्याची आठवण होते. इथेच एक बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि लिंग स्वतः तीनशेसाठावं, असं मोजतात. बारकाईने पाहत एक फेरी मारायलाही बराच वेळ लागतो, आणि तो द्यावा.

याच भीमेच्या वरच्या अंगाला, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला, औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं तळ देऊन होती. येसूबाई आणि शाहू तेव्हा बादशहाच्या कैदेत होते. वेळ उरला तर तिकडे जाता येतं, पण खरं तर त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.

परतण्याआधी पुन्हा एकदा संगमेश्वरात डोकवावं. जुन्या लेखांची अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरण्याची, रंग फासण्याची खोड अनेक ठिकाणी आहे. रंग खाचेत बसला की पुढच्या ठशात अक्षराची कड हरवते. कुडलला त्याची काही गरज नाही. एकाने विजेरी तिरपी धरावी, दुसऱ्याने डावीकडून एकेक अक्षर लावत जावं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर बहुतेकांचा आवाज आपोआप मोठा होतो.