तगराच्या वाटेवरील द्राक्षमद्य : कोस बेटाचा लौकिक आणि दख्खनमधील खापरांचा पुरावा

प्रस्तावना :

सार्डिनिया बेटाचे 'कान्नोनाउ' हे तांबडे द्राक्षमद्य आज त्या बेटाच्या नावासह जगभर विकले जाते. मद्याची ओळख बेटावरून पटण्याची ही रीत भूमध्य सागराच्या परिसरात फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास असाच लौकिक एजियन समुद्रातील कोस बेटाच्या मद्यास लाभला होता. त्याच काळात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथील कापड भडोच बंदरामार्गे पश्चिमेकडे जात असे. तेरच्या वैभवाविषयी लिहिताना 'येथे रोमन मद्य येत असे' असे विधान सहज केले जाते. तेरणा पुढे मांजरेस मिळते. त्यामुळे मांजरा खोऱ्यातील देवणी-निलंगा भागातील अभ्यासकांनाही ते जवळचे वाटते. या विधानामागील पुरावा कितपत भक्कम आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

बेटाचे नाव आणि मद्याचे मूळ :

कोसच्या मद्यात समुद्राचे पाणी मिसळलेले असे. रोमन लेखक केटो (मृत्यू इ.स.पू. १४९) याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात कोसच्या धर्तीचे मद्य इटलीतच करण्याची कृती दिली आहे. द्राक्षांच्या तोडणीपूर्वी सत्तर दिवस, वारा पडलेला असताना, खोल समुद्रातून पाणी आणून ते निवळत ठेवावे, असे तो सांगतो. याचा अर्थ, केटोच्या हयातीतच 'कोसचे मद्य' हे बेटापुरते उरले नव्हते; तो एक प्रकार झाला होता. मद्याबरोबर भांड्याचेही अनुकरण झाले. कोसच्या दुहेरी मुठीच्या उभट कुंभासारखे कुंभ इटलीत घडवले जाऊ लागले. त्यामुळे केवळ आकारावरून कुंभाचे मूळ सांगता येत नाही. त्यासाठी माती तपासावी लागते. मद्याच्या रंगाबाबतही तेच. प्लिनीने पांढरे, पिंगट, रक्तवर्णी आणि काळे असे मद्याचे चार रंग नोंदवले आहेत. परंतु त्यांपैकी कोणते भारतात उतरले, हे नुसत्या खापरावरून ठरत नाही.

भडोच ते तगर :

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला येणाऱ्या मालात मद्य प्रथम सांगितले आहे. त्यात इटलीच्या मद्यास अधिक पसंती असून सीरियातील लाओडिसियाचे व अरबस्तानातील मद्यही येत असे. कोसचे नाव त्यात नाही. उंची मद्याचा उल्लेख वेगळा येतो तो राजासाठी आणलेल्या वस्तूंत, चांदीची भांडी आणि गाणारी मुले यांच्या जोडीला. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे अंतर दिले आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर हे मत मांडले. तगराहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जाई, असे हा ग्रंथ स्पष्ट सांगतो. परतीच्या गाड्यांत काय असे, हे मात्र सांगत नाही. रोमन अँफोरा हे माप सुमारे २६ लिटरचे. त्यात मातीच्या जाड कुंभाचे वजन मिळवले, तर महिनाभराच्या वाटेवर हा माल सामान्य ग्राहकासाठी परवडणारा नव्हता. (या गाड्यांच्या बैलांशी देवणी गोवंशाचा संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.) मद्य बंदरावरच चामड्याच्या पखालीत ओतून घेतले गेले असेल, तर खापर सापडणारच नाही. म्हणून खापरांच्या अभावावरूनही घाईने निष्कर्ष काढता येत नाही.

ते कशासोबत घेतले जाई? रोमन भोजनाचा आरंभ मध घातलेल्या मद्याने होई आणि एरवी मद्यात पाणी मिसळून पीत. समुद्रजल नीट मिसळलेल्या मद्याने डोके दुखत नाही व कोठा साफ राहतो, असे अथेनिअस म्हणतो. भारतीय परंपरेत मद्यासोबतच्या चमचमीत खाण्यास 'उपदंश' असा स्वतंत्र शब्द आहे, तर चरकसंहितेतील मदात्यय चिकित्सेत प्रकृतीनुसार पेय व आहार यांचा विचार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षमद्याची 'कापिशायन' व 'हारहूरक' ही नावे येतात. ती वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली. म्हणजे प्रदेशाच्या नावाने मद्य ओळखण्याची रीत येथेही होती. फक्त तो प्रदेश समुद्रापलीकडचा नव्हता.

खापरांची फेरतपासणी :

पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. तेथील खापरांत कोसच्या कुंभांचे तुकडे एलिझाबेथ लायडिंग विल यांनी ओळखले. महाराष्ट्रात १९५४-५६ च्या नेवासे उत्खननात ह. धी. सांकलिया यांना अँफोरांची खापरे मिळाली. तेर येथे भूमध्य जगाशी संपर्क सुचवणाऱ्या वस्तू आहेत; पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली तेरची मूर्ती सर्वज्ञात आहे. परंतु मूर्तीवरून मद्य सिद्ध होत नाही.

रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की भारतात 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदलेली अनेक खापरे प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील, मूठ नसलेल्या 'टॉर्पेडो' कुंभांची आहेत. दोहोंच्या आत काळा थर असतो. भूमध्य कुंभांत तो राळेचा आणि टॉर्पेडो कुंभांत नैसर्गिक डांबराचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि गफलत तेथेच झाली. मराठवाड्यातील जुन्या उत्खनन-अहवालांतील 'अँफोरा' हा शब्द त्यामुळे यापुढे प्रश्नचिन्हासह वाचावा लागेल. नोंद करणाऱ्यांचा त्यात दोष नाही, त्या काळी दुसरा पर्याय ज्ञातच नव्हता.

या फेरतपासणीने परदेशी मद्याचा दख्खनशी असलेला संबंध पुसला जात नाही. त्याची दिशा आणि काळ बदलतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील छतावर टोपी घातलेला, दाढीधारी परदेशी पुरुष हाती पेला घेऊन बसला आहे. त्याचा वेश रोमन नाही, इराणी आहे.