लॅप स्टील गिटारची स्वरजुळणी आणि तारांची जाडी

लॅप स्टील गिटार हे मांडीवर आडवे ठेवून वाजवले जाणारे तंतुवाद्य आहे. भारतात ते 'हवाईयन गिटार' या नावाने अधिक परिचित आहे. यात डाव्या हाताच्या बोटांनी तारा पट्टीवर दाबल्या जात नाहीत. पोलादाची गुळगुळीत कांब (बार) तारांवर टेकवून सरकवली जाते व उजव्या हाताने तारा छेडल्या जातात. सरळ कांबेखाली सर्व तारा एकाच रेषेत येत असल्यामुळे मोकळ्या तारांमध्ये जे स्वर एकत्र जुळलेले असतील, तोच स्वरमेळ वाद्याच्या संपूर्ण लांबीवर वरखाली सरकतो. म्हणून या वाद्यात कोणती स्वरजुळणी निवडायची हा वादनाच्या सोयीचा किरकोळ प्रश्न नसून, कोणते संगीत वाजवता येईल हे ठरवणारा प्रश्न आहे. तारांची जाडी स्वरजुळणी ठरल्यानंतर ठरवायची असते. व्यवहारात अनेकदा हा क्रम उलटा होतो आणि तारा तुटतात, क्वचित वाद्याचेही नुकसान होते.

उगम

या वादनपद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांपैकी ओआहू येथील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यांना दिले जाते. हवाईमध्ये गिटारच्या तारा सैल करून मोकळ्या तारांचाच स्वरमेळ साधण्याची पद्धत आधीपासून रूढ होती. पोलादी कांबेने वाजवणाऱ्यांना ती आयतीच उपयोगी पडली. १९३०च्या दशकाच्या आरंभी रिकनबॅकर कंपनीचे 'फ्राइंग पॅन' हे विद्युत लॅप स्टील बाजारात आले. त्यानंतर आवाज मोठा करण्याची जबाबदारी लाकडी पेटीवर उरली नाही आणि तारांचे व जुळण्यांचे प्रयोग वाढले.

प्रचलित स्वरजुळण्या

खाली दिलेले स्वर खर्जाच्या, म्हणजे सहाव्या तारेपासून पहिल्या तारेकडे या क्रमाने आहेत.

ओपन डी: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डी हा षड्ज मानल्यास सा, प, सा, ग, प, सा.

लो बास जी: डी, जी, डी, जी, बी, डी. जी हा षड्ज मानल्यास प, सा, प, सा, ग, प.

हाय बास ए: ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई. म्हणजे सा, ग, प ही त्रयी दोनदा.

सी सिक्स्थ: सी, ई, जी, ए, सी, ई. म्हणजे सा, ग, प, ध, सा, ग.

पहिल्या तिन्ही जुळण्यांत केवळ मेजर स्वरमेळ मिळतो. त्यांचा नाद भरदार असतो आणि नवशिक्याला कानाने चूक लगेच कळते. मात्र मायनर स्वरमेळ हवा असल्यास तारा वगळून किंवा कांब तिरकी धरून तो साधावा लागतो.

सी सिक्स्थचे वैशिष्ट्य धैवतात आहे. सा, ग, प या तारा छेडल्या तर मेजर, आणि ध, सा, ग या तारा छेडल्या तर मायनर स्वरमेळ कांब न हलवता मिळतो. भूप रागाच्या पाच स्वरांतून रिषभ वगळावा, तसे हे चार स्वर आहेत. यामुळेच गाण्याची चाल तिच्या साथीसह वाजवण्यासाठी ही जुळणी सोयीची ठरते. ती लोकप्रिय करण्यात अमेरिकन वादक जेरी बर्ड (१९२०–२००५) यांचा मोठा वाटा मानला जातो. तिच्यात सहाही तारा एकदम छेडण्याचा मोह आवरावा लागतो, कारण सर्व स्वर एकत्र वाजले की नाद काहीसा गढूळ होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एकाच जुळणीवर वर्षभर काम करायचे असेल, तर ती हीच असावी.

जाडी कशी ठरते

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ०.०१५ इंच म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. तारेवरचा ताण तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तारेचे वजन, घोडीपासून नटपर्यंतची लांबी आणि स्वराची उंची. यांपैकी लांबी व स्वर यांचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो.

२२.५ इंच लांबीच्या विद्युत वाद्यावर सी सिक्स्थसाठी पहिल्या तारेपासून अनुक्रमे ०.०१५, ०.०१८, ०.०२२, ०.०२६, ०.०३० आणि ०.०३६ इंच हा संच चांगला जुळतो. यातील पहिल्या तीन तारा साध्या व उरलेल्या वेटोळ्याच्या असतात. अशा संचात प्रत्येक तारेवर साधारण १० ते १३ किलोग्रॅम ताण येतो आणि कांबेखाली सर्व तारा सारख्याच घट्ट लागतात. हाच संच २५ इंच लांबीच्या वाद्यावर चढवला, तर ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. तेथे प्रत्येक तार थोडी बारीक घ्यावी.

बोटांनी तार दाबायची नसल्यामुळे लॅप स्टीलला साध्या गिटारपेक्षा जाड तारा चालतात. फार बारीक तार कांबेच्या वजनाने खाली दबते, स्वर चढतो आणि खडखड ऐकू येते. फार जाड तारेचा नाद बोथट होतो.

ताण आणि तुटणे

सर्वाधिक नुकसान साध्या गिटारच्या तारा हाय बास ए जुळणीपर्यंत ओढल्यामुळे होते. साध्या गिटारची सहावी तार ई स्वराची असते. ती ए पर्यंत नेणे म्हणजे पाच अर्धस्वर, अर्थात हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या, वर चढवणे होय. यात ताण सुमारे ७८ टक्क्यांनी वाढतो. पाचवी तार ए वरून सी शार्पवर नेताना तो सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. लाकडी गिटारची घोडी यामुळे उखडू शकते, मानही वाकू शकते. उपाय सोपा आहे: साध्या गिटारची पाचवी तार मुळातच ए स्वराची असल्यामुळे तिच्या जाडीची तार सहाव्या जागी लावावी आणि पुढील तारांची निवडही त्याच न्यायाने करावी. घरातली जुनी गिटार नटावर उंची वाढवणारी पट्टी बसवून वापरायची असेल, तर ओपन डी किंवा लो बास जी निवडावी. या दोन्हींत कोणतीही तार मूळ स्वरापेक्षा चढत नाही, काही तारा उतरतात.

बारीक तार अधिक उंच स्वर सोसते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. बारीक तारेला ताण कमी लागतो हे खरे, पण तिची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते. म्हणून साधी पोलादी तार कोणत्या स्वरावर तुटेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. पहिली तार ई वरून जी पर्यंत चढवणे २२.५ इंची वाद्यावर निभावते. २५ इंची वाद्यावर तोच जी तुटण्याच्या मर्यादेच्या बराच जवळ जातो.

भारतीय संगीतात

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी हिंदी गीतांच्या चाली विद्युत हवाईयन गिटारवर ध्वनिमुद्रित केल्या. रागसंगीतात हे वाद्य रुजवण्याचे श्रेय ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांना दिले जाते. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचे वादन आहे.

रागवादनात स्वरमेळाची गरज नसते, मींड महत्त्वाची असते. त्यामुळे जुळणीचे निकषही बदलतात. मोकळी तार न छेडताही अनुनादाने वाजते. तिच्यात शुद्ध गंधार जुळवलेला असेल, तर कोमल गंधाराच्या रागात तो बोचतो. म्हणून षड्ज-पंचमाचीच जुळणी अधिक निर्धोक ठरते. मालकंसात पंचमही वर्ज्य असल्याने तानपुऱ्याप्रमाणे येथेही पंचमाची तार मध्यमावर उतरवता येते. दोन अर्धस्वर उतरवल्यावर तिचा ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. तेवढ्यासाठी तार बदलावी लागत नाही, मात्र त्या तारेवर कांबेचा भार थोडा हलका ठेवावा लागतो.